सुपरग्लूच्या वाफेतून उमटणारा ठसा

१९८७ सालच्या ‘बेव्हर्ली हिल्स कॉप २’मध्ये एडी मर्फीने रंगवलेला अवलिया डिटेक्टिव्ह ॲक्सल फोली एका काडेपेटीवरचा बोटाचा ठसा चक्क सुपरग्लू वापरून मिळवतो. पाठलाग, गोळीबार आणि बिनधास्त थापा यांच्या गर्दीत हीसुद्धा एक फिल्मी थापच असावी, असं पाहणाऱ्याला सहज वाटतं. पण पद्धत शंभर टक्के खरी आहे. जगभरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळा ती आजही वापरतात. प्रश्न आहे तो काडेपेटीचा, त्याकडे नंतर वळू.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. सुपरग्लू ‘वाळून’ घट्ट होतो असं आपण म्हणतो, पण तो वाळत नाही. उलट त्याला ओलावा लागतो. ट्यूबमध्ये असतात एथिल सायनोॲक्रिलेटचे सुटे रेणू. प्रत्येक रेणूत दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध असतो आणि त्यातल्या एका कार्बनाला सायनो व एस्टर असे अणूंचे दोन गट चिकटलेले असतात. दोन्ही गट इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतात. त्यामुळे दुसरा कार्बन इलेक्ट्रॉनसाठी भुकेलेला राहतो. पाण्यातला हायड्रॉक्साइड, घामातलं लॅक्टेट किंवा एखादं अमिनो आम्ल, असं इलेक्ट्रॉन देऊ शकणारं काहीही जवळ आलं की ते या भुकेल्या कार्बनाला जोडलं जातं. ऋणभार सरकून पलीकडच्या कार्बनावर जातो आणि ते दोन गट त्याला सांभाळून धरतात. आता हा भारित कार्बन शेजारच्या रेणूवर हल्ला करतो, तो त्याच्या पुढच्यावर. बघता बघता हजारो रेणूंची साखळी, म्हणजे पॉलिमर, तयार होते. आम्ल भेटलं की साखळी थांबते, म्हणून तर ट्यूबमध्ये किंचित आम्ल मिसळलेलं असतं. आणि म्हणूनच हा गोंद बोटांना इतक्या झटकन चिकटतो: त्वचेवर ओलावा आणि क्षार आयतेच असतात.

काचेला बोट लावलं की बोटावरच्या उंचवट्यांचा घाम काचेवर उतरतो. त्यात बहुतांश पाणी, थोडं मीठ, लॅक्टेट, अमिनो आम्लं. चेहऱ्याला किंवा केसांना हात लागला असेल तर तेलही. गोंदाची वाफ या रेषांवर पोहोचली की साखळ्या तिथेच सुरू होतात आणि पांढऱ्या रंगाचा कडक थर साचतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो शेवयांच्या गुंत्यासारखा दिसतो. मधल्या खाचांमध्ये साखळी सुरू करणारं काही नसतं, त्या कोऱ्या राहतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये पोलिसांच्या प्रयोगशाळेतले फुसेओ मात्सुमुरा हे केसांचे नमुने सुपरग्लूने काचपट्टीवर चिकटवत असताना त्यांना काचेवर आपलेच ठसे पांढरे होऊन उमटलेले दिसले. तिथून ही पद्धत जन्मली.

प्रयोगशाळेत वस्तू हवाबंद पेटीत टांगतात. ॲल्युमिनियमच्या वाटीत एक-दोन ग्रॅम गोंद घेऊन सुमारे १२० अंश सेल्सिअसला तापवतात, आतला पंखा वाफ सगळीकडे खेळवतो. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे आर्द्रता: सुमारे ८० टक्के. कारण जुना ठसा सुकलेला असतो, पण त्यात मीठ शिल्लक असतं आणि मीठ ७५ टक्क्यांच्या वर हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. म्हणजे सुकलेली रेष पुन्हा ओली होते. कोरड्या हवेत हाच ठसा फिका, तुटक येतो.

वाफ किती वेळ द्यायची? साधारण दहा ते वीस मिनिटं, पण घड्याळावर विसंबत नाहीत. काळ्या पट्टीवर मुद्दाम उमटवलेला ठसा सोबत ठेवतात आणि तो दिसू लागला की थांबतात. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. वाफ कमी पडली तर पुन्हा देता येते. जास्त झाली तर खाचाही भरतात, सगळा पृष्ठभाग पांढराफटक होतो आणि पुरावा कायमचा जातो. त्यामुळे अनुभवी माणूस जरा कमीवरच थांबतो आणि पुढचं काम ऱ्होडामिन ६जी सारख्या रंगावर सोपवतो. पॉलिमर हा रंग धरून ठेवतो आणि हिरव्या प्रकाशात, नारिंगी चष्म्यातून पाहिलं की रेषा चमकून उठतात. घरी हा प्रयोग करू नका: वाफ डोळ्यांना झोंबते आणि गोंद फार तापला तर विषारी हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो.

आता फोलीची काडेपेटी. सुपरग्लू काच, प्लास्टिक, धातू यांवर उत्तम चालतो, कारण घाम वरच राहतो. कागद-पुठ्ठा घाम शोषून घेतो. तिथे लागतं निनहायड्रिन नावाचं रसायन. ते तंतूंमध्ये मुरलेल्या अमिनो आम्लांशी अभिक्रिया करून जांभळा रंग देतं, आणि अमिनो आम्लं तंतूंना धरून बसत असल्याने कित्येक वर्षांपूर्वीचे ठसेही उमटू शकतात.

ठसा मिळाला की गुन्हेगार मिळाला, हा चित्रपटांनी पसरवलेला भ्रम मात्र घातक आहे. संगणक फक्त जुळण्याजोग्या ठशांची यादी देतो, निर्णय माणूस करतो. २००४ च्या माद्रिद रेल्वे स्फोटांनंतर एफबीआयच्या तज्ज्ञांनी एका पिशवीवरचा ठसा एका अमेरिकन वकिलाचाच असल्याचं ठामपणे सांगितलं, त्याला अटकही झाली. स्पॅनिश पोलिसांना तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचं आढळलं.

काडेपेटीपुरतं मात्र फोलीला अगदीच खोटं ठरवता येत नाही. पुठ्ठ्याच्या काडेपेटीचं बाहेरचं छापील वेष्टण बऱ्याचदा गुळगुळीत, चकचकीत असतं. अशा लेपावर घाम लगेच मुरत नाही, आणि ठसा ताजा असेल तर वाफेने तो उमटूही शकतो. पण तेच बोट आतल्या कोऱ्या पुठ्ठ्याला लागलं असतं, तर सुपरग्लूच्या पेटीतून बहुधा कोरा पुठ्ठाच बाहेर आला असता.