गिब्साइट: एक खनिज, दोन नावं

पुण्यात पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की आमच्या घरी अजूनही तुरटीचा खडा फिरवतात. तासाभरानं हंड्याच्या तळाशी कापसासारखा साका दिसतो. मातीला धरून खाली बसवणारा तो साका म्हणजे अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड. हाच पदार्थ निसर्गात स्फटिकरूपात घडतो, तेव्हा त्याला गिब्साइट म्हणतात.

आपल्याकडे तो सह्याद्रीच्या माथ्यावर तयार झाला. पावसानं काळ्या कातळातली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून नेली. लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिलं. लोह जास्त तिथे जांभा, अॅल्युमिनियम जास्त तिथे बॉक्साइट. कोल्हापूरच्या पठारांवरच्या बॉक्साइटमध्ये मुख्य खनिज गिब्साइटच.

बॉक्साइट हे नाव फ्रान्समधल्या ले बो गावावरून आलं. तिथला लाल दगड पिएर बेर्तिए यांनी १८२१ साली तपासला. पण बॉक्साइट हे एक खनिज नव्हे, खडक आहे. पुढच्याच वर्षी अमेरिकेत जॉन टॉरी यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या नमुन्याला जॉर्ज गिब्स या खनिजसंग्राहकाचं नाव दिलं. १८३९ मध्ये गुस्ताव्ह रोझ यांनी उरल पर्वतातल्या स्फटिकांना ‘हायड्रार्जिलाइट’ म्हटलं. खनिज एकच, नावं दोन. युरोपातल्या लिखाणात दुसरं नाव विसाव्या शतकातही टिकून होतं. हेलन मेगॉ यांनी १९३४ साली क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली, तीही हायड्रार्जिलाइट याच नावाखाली.

त्या रचनेतच सगळे गुणधर्म आहेत. हायड्रॉक्सिलच्या (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीच्या) दोन थरांमध्ये अॅल्युमिनियमचे अणू, आणि असे पापुद्रे एकावर एक, हायड्रोजन बंधांनी जेमतेम धरलेले. म्हणून हे खनिज एका दिशेनं सहज सुटतं आणि सुटलेल्या पृष्ठावर मोत्यासारखी चमक दिसते. मोह्जच्या मापावर काठिण्य २.५ ते ३.५, विशिष्ट गुरुत्व साधारण २.४, स्फटिक एकनताक्ष, म्हणजे एक अक्ष कललेला. त्यावर तोंडाची वाफ सोडली की ओल्या चिकणमातीचा वास येतो. मला ही खूण सगळ्यात आवडते, कारण तिला कुठलंच उपकरण लागत नाही.

अशा अॅल्युमिनियम खनिजांच्या वर्गीकरणात दोन घरं आहेत. एका अॅल्युमिनियममागे तीन हायड्रॉक्सिल असलेल्यांत गिब्साइट, बायेराइट, नॉर्डस्ट्रँडाइट आणि डॉयलाइट. सूत्र तेच, फक्त थरांची रचणी वेगळी. दुसऱ्या घरात पाणी कमी असलेले बोहमाइट आणि डायास्पोर. डायास्पोर तर काठिण्यात ६.५ ते ७ पर्यंत जातो.

हा फरक कारखान्यात खर्चावर येतो. कार्ल बायर यांनी १८८८ साली बॉक्साइट गरम कॉस्टिक सोड्यात विरघळवून अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियमचं ऑक्साइड, काढण्याची पद्धत शोधली. तिला गिब्साइट साधारण १५० अंश सेल्सिअसला दाद देतो. बोहमाइटला २०० च्या वर, डायास्पोरला त्याहून जास्त तापवावं लागतं. आपण ज्याला ‘जर्मनचा टोप’ म्हणतो त्याची धातू याच वाटेनं येते. एक चूक मात्र कायमची राहिली: बायर यांच्या टाक्यांत साका म्हणून बसत होता तो गिब्साइट, आणि त्यांचं नाव चिकटलं ते भलत्याच भावंडाला, बायेराइटला.

जुनी पुस्तकं चाळणाऱ्यांनी आणखी एक जपावं. अमेरिकी उद्योगाच्या लिखाणात गिब्साइटला ‘अल्फा’ म्हणत, युरोपात त्यालाच ‘गॅमा’. अक्षरावर न जाता खनिजाचं नाव शोधावं.