हिरव्या सफरचंदाच्या गावाची सरकती सीमा

फळवाल्याकडे ‘ग्रॅनी स्मिथ’ नावाचं हिरवंगार, आंबटसर सफरचंद मिळतं. या जातीचं मूळ सिडनीच्या ईस्टवुड उपनगरात आहे. १८६८च्या सुमारास तिथल्या मरिया अ‍ॅन स्मिथ या आजीबाईंच्या वाडीत ते रोप आपसूक उगवलं. आज त्या बागायतीचा मागमूस नाही. रेल्वे स्टेशनच्या दोन्ही बाजूंना चिनी आणि कोरियन दुकानांच्या पाट्या दिसतात. ईस्टवुडचे लोक वर्षानुवर्षं ज्या मतदारसंघात मत देत आले, त्याचं नाव बेनेलाँग.

हे नाव वूलारावारे बेनेलाँग या आदिवासी माणसाचं. १७८९ मध्ये इंग्रजांनी त्याला पकडून नेलं, पुढे तो गव्हर्नर फिलिपसोबत इंग्लंडला जाऊन आला, आणि १८१३ मध्ये वारला. पॅरामाटा नदीकाठच्या पटनी या उपनगरात त्याला पुरलं. ऑस्ट्रेलियाची संसद १९४९ मध्ये मोठी झाली, तेव्हा नव्या मतदारसंघांपैकी एकाला त्याचं नाव दिलं गेलं.

नाव तेव्हापासून तेच आहे, जमीन मात्र नाही. सुरुवातीला त्यात लेन कोव्ह, हंटर्स हिल, राईड असा भाग होता. शहर वाढत गेलं तसा मतदारसंघ पश्चिमेकडे सरकला आणि लेन कोव्ह हातचं गेलं. म्हणून ‘बेनेलाँगने असं मत दिलं’ हे वाक्य वाचताना मी आधी विचारतो, कुठल्या वर्षीचं बेनेलाँग? आपल्याकडे २००८ च्या पुनर्रचनेत कल्याण हा वेगळा लोकसभा मतदारसंघ झाला आणि डोंबिवलीकरांनी घर न बदलता मतदारसंघ बदलला. ही तीच गोष्ट आहे.

सीमा सरकवण्याचं गणित तिथे कायद्यात लिहिलेलं आहे. आधी राज्यांची एकूण लोकसंख्या घेतात आणि राज्यांच्या सिनेटरांच्या (वरिष्ठ सभागृहातल्या सदस्यांच्या) संख्येच्या दुपटीने, म्हणजे १४४ ने, भागतात. येणाऱ्या आकड्यावरून कुठल्या राज्याला किती जागा ते ठरतं. मग राज्याच्या आत प्रत्येक मतदारसंघातली मतदारसंख्या सरासरीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त इकडेतिकडे असून चालत नाही. शिवाय साडेतीन वर्षांनंतरच्या अंदाजित संख्येतला फरक ३.५ टक्क्यांच्या आत बसावा लागतो. मला हा दुसरा नियम फार शहाणपणाचा वाटतो. नवे टॉवर कुठे उभे राहणार, माणसं कुठे वाढणार, हे आजच मोजायला तो भाग पाडतो. लोक हरकती नोंदवू शकतात. शेवटचा आराखडा मात्र संसदेच्या मंजुरीसाठी जात नाही, आणि तेच योग्य आहे. ज्यांच्या जागांचा प्रश्न आहे, त्यांच्याच हातात पेन्सिल देऊ नये.

आता मतांकडे येऊ. १९४९ पासून २००७ पर्यंत ही जागा सलग लिबरल पक्षाकडे होती. आधी जॉन क्रेमर आणि १९७४ पासून जॉन हॉवर्ड. हॉवर्ड १९९६ मध्ये पंतप्रधान झाले. २००७ मध्ये त्यांच्यासमोर लेबर पक्षाने टीव्ही पत्रकार मॅक्सीन मॅक्यू यांना उभं केलं. पहिल्या पसंतीची मतं मोजली तेव्हा हॉवर्ड सुमारे ४५.५ टक्के आणि मॅक्यू ४५.३ टक्के होत्या. आपल्या पद्धतीने हॉवर्ड तिथेच निवडून आले असते. (अर्थात पद्धत वेगळी असती तर लोकांनी मतंही वेगळी दिली असती.)

पण ऑस्ट्रेलियात मतपत्रिकेवर प्रत्येक उमेदवारापुढे १, २, ३ असे आकडे घालावे लागतात. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर सर्वांत मागे असलेला बाद होतो आणि त्याची मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या उमेदवाराच्या गठ्ठ्यात जाते. असं करत शेवटी दोघंच उरतात. ग्रीन्स या छोट्या पक्षाच्या बऱ्याच मतदारांची पुढची पसंती मॅक्यू होत्या. त्या शेवटी सुमारे ५१.४ टक्के मतं मिळवून जिंकल्या. १९२९ च्या स्टॅन्ली ब्रूस यांच्यानंतर स्वतःची जागा गमावणारे हॉवर्ड हे दुसरे पंतप्रधान ठरले.

२०१० मध्ये टेनिसपटू जॉन अलेक्झांडर यांनी जागा लिबरलांकडे परत आणली. दुहेरी नागरिकत्वाच्या वादात त्यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबर २०१७ ची पोटनिवडणूकही जिंकली. २०२२ मध्ये लेबरचे जेरोम लक्साल ५१ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन निसटते जिंकले.

पुढे २०२४ च्या पुनर्रचनेत न्यू साउथ वेल्स या सिडनीच्या राज्याची एक जागा कमी झाली आणि १९०१ पासूनचा नॉर्थ सिडनी मतदारसंघच रद्द झाला. त्याचा लेन कोव्ह-हंटर्स हिलचा भाग बेनेलाँगला जोडला गेला. निकाल मतदान केंद्रनिहाय जाहीर होत असल्याने जुनी मतं नव्या नकाशात पुन्हा बेरीज करून बघता येतात. तशी बेरीज केली तर लक्साल यांची आघाडी कागदावर पुसली गेली होती, लिबरल पक्ष अगदी केसभर पुढे होता. २०२५ मध्ये मात्र लक्साल सुमारे ५९ टक्के मतं मिळवून जिंकले. नुसते दोन निकाल शेजारी ठेवले तर आठ टक्के मतं फिरली असं दिसतं. नव्या सीमेचा हिशोब धरला तर ती नऊच्या वर जातात. लेन कोव्हचे मतदार इतक्या वर्षांनी पुन्हा बेनेलाँगच्या यादीत होते.