मोइसेस विल

मोइसेस विल : अर्जेंटिनाच्या सांता फे प्रांतातील, पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू शेतकऱ्यांनी वसवलेले गाव. राजधानी ब्वेनोस आइरेसच्या वायव्येस सुमारे ६०० किमी. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. त्यात ज्यू आता थोडेच उरले आहेत. रब्बी (ज्यू धर्मगुरू) आरोन गोल्डमन यांनी ‘किर्यात मोशे’, म्हणजे मोशेचे (मोझेसचे) गाव, असे हिब्रू नाव सुचवले होते. कागदोपत्री त्याचे हे रूप झाले.

१४ ऑगस्ट १८८९ रोजी ‘वेझर’ ही बोट ब्वेनोस आइरेसला लागली. तिच्यात आजच्या युक्रेनमधील पोदोलिया भागातले आठशेहून अधिक ज्यू होते. ज्या जमिनीच्या भरवशावर ते निघाले होते ती मिळालीच नाही. मग पेद्रो पालासिओस या जमीनदाराने सांता फेतली जमीन देऊ केली. पण तिथे पोचल्यावर ना घर, ना अवजारे, ना धान्य. रेल्वे स्टेशनाजवळच्या शेडमध्ये कुटुंबे पडून राहिली, आणि साथीच्या तापाने साठांहून अधिक मुले दगावली. डॉ. विल्हेल्म लोवेन्थाल यांनी हे हाल पाहून धनाढ्य ज्यू दानशूर बॅरन मोरिस द हिर्श यांच्यापर्यंत पोचवले. त्यातूनच १८९१ मध्ये ज्यूंना शेतीवर वसवणारी त्यांची ज्यूइश कॉलनायझेशन असोसिएशन ही संस्था उभी राहिली. हे गाव हिर्श यांनी वसवले असे सर्रास लिहिले जाते, ते उलटे आहे : गाव आधीचे, संस्था नंतरची.

आलेल्यांपैकी पुष्कळांनी कधी नांगर धरला नव्हता. स्थानिक गाउचो (घोडेस्वार गुराखी) आणि शेजारच्या इटालियन शेतकऱ्यांकडे पाहून ते शिकले. गहू, जवस, पुढे लसूणघास आणि दुभती जनावरे. मध्येच टोळधाड आणि अवर्षण. संस्थेची जमीन हप्त्यांनी फेडायची होती आणि करार जाचक होते, त्यामुळे कुरबुरी कायमच्या. १९०८ मध्ये शेतकऱ्यांनी ‘ला मुतुआ आग्रिकोला’ ही सहकारी संस्था काढली. मुलांना शिकवण्याची ओढ मात्र शेतीहून मोठी निघाली. शिकलेली पोरे शहरांकडे गेली. ‘पेरला गहू, उगवले डॉक्टर’ ही तिथली म्हण त्यावरूनच पडली.

गाव पाहायला निघणाऱ्याने दुपार टाळावी. जेवणानंतर सारे गाव झोपते, दुकानांची दारे संध्याकाळीच उघडतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिथला कडक उन्हाळा. सुरुवात रब्बी गोल्डमन यांच्या नावाच्या संग्रहालयापासून करणे सोयीचे. चौक अर्जेंटिनाचा स्वातंत्र्यवीर सान मार्तीनच्या नावाचा; आसपास बॅरन हिर्श आणि ब्रेनर ही सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळे). ‘कादिमा’ (हिब्रूत ‘पुढे’) नाट्यगृहाची इमारत गावाच्या मानाने अवाढव्य वाटते. एकेकाळी इथे राजधानीतून यिद्दिश (पूर्व युरोपीय ज्यूंची भाषा) नाटक मंडळ्या येत. बेकरीत स्ट्रुडेल मिळते, ते चुकवू नये.

गावाबाहेरची दफनभूमी १८९१ ची, अर्जेंटिनातील पहिली ज्यू दफनभूमी मानली जाते. थडग्यांवर हिब्रू, यिद्दिश आणि स्पॅनिश अक्षरे. ज्यू रिवाजाप्रमाणे इथे फुले नव्हे, खडा ठेवतात. पण पाम्पाच्या, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानाच्या, मऊ मातीत दगड असा सापडतच नाही. खडा बरोबर न्यावा लागतो.