इर्जिक

इर्जिक : एखाद्या शेतकऱ्याचे अडलेले काम शेजारपाजाऱ्यांनी आपापली औते, बैल आणि माणसे आणून, मजुरी न घेता, शक्यतो एका दिवसात उरकून देण्याची महाराष्ट्रातील प्रथा. ज्याचे शेत, त्याने सर्वांना जेवण घालायचे, एवढीच अट. बोलण्यात ‘इर्जिक घालणे’ असा प्रयोग होतो.

काळ्या भारी जमिनीत हरळी (एक चिवट गवत) माजली की खोल नांगरटीशिवाय ती हटत नाही, आणि मोठा लाकडी नांगर ओढायला तीन-चार बैलजोड्या लागत. दावणीला एकच जोडी असलेल्याने करायचे काय? पेरणीचीही हीच गत. पावसानंतर वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, थोडेच दिवस टिकतो. तेवढ्यात पाभर (पेरणीचे औत) फिरली नाही तर हंगाम हातचा जातो. घरात आजारपण आले, ऐन वेळी बैल दगावला किंवा घरातला कर्ता गेला, तर इर्जिकीशिवाय शेत पडीकच राहायचे.

सावडीशी तिची गल्लत होते. सावडीत दिवसांचा हिशेब असतो : आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. इर्जिकीत असे दिवस मोजत नाहीत. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात भातखाचरे घडवण्यासाठी महादेव कोळी समाजात चालत आलेली पडकई ही सामूहिक कामाची रीतही याच कुळातली.

प्रथेचे बळ जेवणापेक्षा बोलावण्यात अधिक आहे. यजमान दिवस ठरवतो, काम नेमके सांगतो. गरज उघड बोलून दाखवण्यात त्याला कमीपणा वाटत नाही, कारण आज आलेल्यांपैकी प्रत्येकावर कधीतरी ती वेळ येणार असते. येणाऱ्यालाही ठाऊक असते की काम एका दिवसाचे आहे. कापणी असेल तर भलरी (काम करताना म्हणायची गाणी) रंगते, आणि शेवटी पुरणपोळीची किंवा मटणाची पंगत बसते.

ट्रॅक्टर आणि रोख मजुरी आल्यावर इर्जिक मागे पडली. पाणी फाउंडेशन या संस्थेने २०२२ साली ३९ तालुक्यांत सुरू केलेल्या फार्मर कप या शेतकरी गटांच्या स्पर्धेमुळे हा शब्द पुन्हा ऐकू येऊ लागला. त्यात गटातील शेतकरी आणि विशेषतः महिला एकमेकांच्या शेतात आळीपाळीने खुरपणी-लागवड करतात. म्हणजे रीत खरे तर सावडीची, नाव मात्र इर्जिकीचे. निरोप आता बहुधा व्हॉट्सॲपवर जातो.