प्रथमोपचार व सीपीआर प्रशिक्षण (ठाणे–नवी मुंबई)

अपघातग्रस्त वा अचानक आजारी पडलेल्या व्यक्तीला डॉक्टर किंवा रुग्णवाहिका येईपर्यंत जवळच्या माणसाने करायची मदत म्हणजे प्रथमोपचार. हृदयक्रिया बंद पडली असता छाती दाबून, व गरजेप्रमाणे तोंडाने श्वास देऊन, रक्ताभिसरण टिकवण्याची कृती म्हणजे सीपीआर. (कोल्हापूरकडे सीपीआर म्हटले की आधी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आठवते, ते वेगळे.) ‘हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन’ हा प्रतिशब्द छापील मजकुरात आढळतो, पण तो थोडा फसवा आहे. दाबामुळे मेंदूला तुटपुंजा का होईना रक्तपुरवठा होत राहतो. थांबलेले हृदय तेवढ्यानेच पुन्हा सुरू होईल असे नाही, त्यासाठी पुष्कळदा विजेचा धक्का द्यावा लागतो.

सीपीआरच्या दोन अंगांचा उगम वेगवेगळा आहे. तोंडाने श्वास देण्याची नोंद जुनी. स्कॉटलंडमधील शल्यचिकित्सक विल्यम टॉसाक याने 1732 मध्ये एका खाणकामगाराला असे वाचवल्याचे 1744 मध्ये लिहिले. तत्पूर्वी 1740 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने बुडालेल्यांसाठी ही पद्धत सुचवली होती. बायबलमधील एलिशा या संदेष्ट्याने तोंडाला तोंड लावून मुलाला जिवंत केल्याची कथा हाच पहिला दाखला असे काही जण मानतात, मात्र तो वैद्यकीय पुरावा धरणे कठीण आहे. छाती दाबण्याच्या श्रेयाबाबत मतभेद आहेत. सामान्यतः ते काउवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर या अमेरिकी संशोधकांच्या 1960 च्या लेखाला दिले जाते. कुत्र्यांवरील प्रयोगांत धक्का देण्याची साधने छातीवर नुसती दाबली तरी रक्तदाब चढतो, हे निकरबॉकरच्या ध्यानात आले होते. लेखातील 20 रुग्णांपैकी 14 जगले. तथापि जर्मनीत ग्योटिंगेन येथे फ्रीडरिख मास या शल्यचिकित्सकाने 1891 च्या सुमारास हीच कृती मिनिटाला 120 वा अधिक दाबांच्या वेगाने केली होती. आजचा वेग (100 ते 120) पाहता अग्रक्रम मासकडे जातो, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते; 1960 च्या लेखाने मात्र ती सर्वांच्या हाती दिली. पीटर साफर या डॉक्टरने दोन्ही अंगे एकत्र गुंफली. ज्या पुतळ्यावर आज सराव होतो, तो नॉर्वेतील खेळणी बनवणाऱ्या लेर्डाल यांनी त्याच सुमारास तयार केला.

क्रमातही बदल झाले. 2010 मध्ये अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी श्वासाऐवजी छातीदाब पहिला आणला. भारतात इंडियन सोसायटी ऑफ अ‍ॅनेस्थेशिऑलॉजिस्ट्स या भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुढाकाराने 2017 मध्ये सर्वसामान्यांसाठी केवळ छातीदाबावर आधारलेली पद्धत मांडली गेली: ओळखणे व मदत बोलावणे, दाबणे, लवकर रुग्णालयात हलवणे. दाब छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, प्रौढांत 5 ते 6 सेंमी खोल. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. शिकाऊ माणूस सर्वांत जास्त चुकतो तो इथेच: हात छातीवर टेकूनच राहतात. बेशुद्ध माणूस अधूनमधून आचके देत असेल तर तो श्वास समजायचा नाही. बुडालेल्या व्यक्तीला मात्र श्वासही द्यावे लागतात, कारण तिथे मूळ अडचण प्राणवायूची असते. तलावांच्या ठाण्यात, येऊरच्या ओढ्यांवर आणि खाडीकाठी हा अपवाद नियमाइतकाच महत्त्वाचा.

या भागात संघटित प्रथमोपचाराची गरज कारखान्यांमुळे वाढली. ठाणे–बेलापूर पट्ट्यातील रासायनिक व अभियांत्रिकी उद्योगांना कारखाना अधिनियम, 1948 चे कलम 45 नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू होते: दर 150 कामगारांमागे प्रथमोपचार पेटी, तिच्यासाठी प्रमाणपत्रधारक व्यक्ती, आणि 500 हून अधिक कामगार असल्यास रुग्णवाहिका कक्ष (म्हणजे कारखान्यातील उपचारांची खोली). आता वर्ग सोसायट्यांच्या सभागृहांत व महाविद्यालयांतही भरतात. दहीहंडीच्या थरांवरून पडलेल्या गोविंदाची मान न हलवणे, भाजल्यावर हळद वा टूथपेस्ट न लावता वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटे धरणे, आकडी आलेल्याला कांदा किंवा चप्पल न हुंगवता कुशीवर वळवणे, सर्पदंशावर आवळपट्टी न बांधणे, हे धडे इथल्या सवयींना धरूनच द्यावे लागतात. उष्माघाताचे गांभीर्य एप्रिल 2023 मधील खारघरच्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यातील दुर्घटनेने दाखवून दिले. त्यात शरीर झपाट्याने थंड करणे हाच मुख्य उपचार.

रुग्णवाहिकेसाठी 108 ही सेवा महाराष्ट्रात 2014 पासून आहे. मेंदूला रक्त न मिळाल्यास चार ते सहा मिनिटांत कायमची इजा होऊ लागते आणि संध्याकाळच्या घोडबंदर रस्त्यावर तेवढ्यात एक सिग्नलही पार होत नाही. पोलिसांच्या चौकशीची भीती हा जुना अडथळा. रस्ते अपघातांपुरता तो मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, 2019 ने आणलेल्या कलम 134अ मुळे कायद्याने दूर झाला असून, सद्भावनेने मदत करणाऱ्यास स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.