मालाचे दोन दाखले: एक ओळखीचा, एक सवलतीचा

भारत आणि संयुक्त अरब अमिरातींचा व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू झाला. तेव्हापासून बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एक समज पक्का बसलाय: दुबईला माल पाठवला की ड्युटी शून्य. ती आपोआप शून्य होत नाही. दुबईच्या जेबेल अली बंदरात कंटेनर उतरला की तिथल्या कस्टमला दोन देशांच्या मैत्रीशी काही देणंघेणं नसतं, ते कागद मागतात. आणि आपल्याकडून बऱ्याचदा भलताच कागद गेलेला असतो.

गोंधळाला कारण आहे. दोन्ही कागदांचं नाव एकच, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, बोलण्यात सीओओ. एक नॉन-प्रेफरेन्शियल, दुसरं प्रेफरेन्शियल. दोन्हींचा अर्ज डीजीएफटीच्या (केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) ऑनलाइन पोर्टलवर करता येतो. दोन्हींवर निर्यातदाराचं नाव, इनव्हॉइस नंबर, मालाचं वर्णन असतं, आणि दोन्ही सांगतात की माल भारतातला आहे. ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलाला यातला फरक दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ शेठलोकांनाही दिसत नाही.

साधं सर्टिफिकेट म्हणजे मालाचा जन्मदाखला. कुठला, एवढंच ते सांगतं. सवलतीचं सर्टिफिकेट उत्पन्नाच्या दाखल्यासारखं: फी माफ व्हायची तर तोच लागतो, त्यासाठी आकडे दाखवावे लागतात, आणि पुढे कधी तपासणी झाली तर ते आकडे टिकावे लागतात. शाळेत फीमाफीच्या अर्जाला जन्मदाखला जोडला तर कारकून तो खोटा म्हणणार नाही. फक्त फी पूर्ण भरायला सांगेल.

इथेही तेच होतं. समजा व्हॉल्व्हची ४० लाखांची एक खेप दुबईला गेली. आखाती देशांचं सामायिक आयात शुल्क साधारण ५ टक्के, म्हणजे विमा-भाडं धरून त्या किमतीवर दोन लाख. त्या मालाच्या एचएस कोडला (कस्टम मालाची वर्गवारी ज्या आकड्यांनी करतं त्याला) करारात शून्य दर असेल आणि सोबत प्रेफरेन्शियल सर्टिफिकेट असेल, तर हे दोन लाख वाचतात. साधं सर्टिफिकेट असेल तर बायर दोन लाख भरतो आणि मग फोन येतो. त्यानंतर ऑफिसात ठरलेला संवाद होतो.

“काका, सीओओ तर मी स्वतः पाठवलंय.”

“अरे बाळा, पाठवलंस ते चेंबर ऑफ कॉमर्सचं, साधं. करारातलं कुठाय?”

मग साधं सर्टिफिकेट काढायचंच कशाला? काढायचं, कारण त्याची कामं वेगळी आहेत. बँकेच्या एलसीत, म्हणजे पैसे देण्याच्या हमीपत्रात, ते मागितलेलं असेल तर त्याच्याशिवाय पैसे सुटत नाहीत. कित्येक देशांचं कस्टम माल सोडण्याआधी ते बघतंच. एखाद्या देशाच्या मालावर अँटी-डम्पिंग ड्युटी (फार स्वस्तात ओतलेल्या मालावरचं जादा शुल्क) असेल, तर आपला माल त्या देशाचा नाही हेही यावरूनच सांगायचं असतं. आणि ज्या देशाशी आपला करारच नाही तिथे सवलतीचा कागद कुठून येणार? अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिथे पूर्वी जीएसपी या विकसनशील देशांसाठीच्या सवलत योजनेखाली भारताच्या बऱ्याच मालाला शुल्कमाफी होती, ती ५ जून २०१९ पासून काढून घेतली गेली. पुढे २०२५ मध्ये अमेरिकेने देश बघून वेगवेगळं जादा शुल्क लावलं, तेव्हा माल नेमका कुठला हा साधा प्रश्नच लाखमोलाचा झाला. त्यामुळे ‘नॉन’ लागलं म्हणून तो कागद दुय्यम, असं मी तरी म्हणणार नाही.

पण खरी मेहनत दुसऱ्या कागदाला आहे, आणि ती माल पाठवायच्या दिवशी करून भागत नाही. ती कच्चा माल घेतानाच सुरू होते.

व्हॉल्व्हच घेऊ. तयार व्हॉल्व्हचा एचएस कोड ८४८१ ने सुरू होतो, आणि व्हॉल्व्हच्या सुट्या भागांचाही ८४८१ नेच. फरक पुढच्या दोन आकड्यांत: सुटे भाग ८४८१.९०, तयार व्हॉल्व्ह बहुधा ८४८१.८०. आता समजा तुम्ही बॉडीचं कास्टिंग इथलंच घेता, पण आतले काही भाग चीनहून मागवता. तयार व्हॉल्व्ह भारतीय ठरेल का? आग्नेय आशियातल्या आसियान देशांशी आपला जो करार आहे (मालापुरता तो १ जानेवारी २०१० पासून लागू झाला), त्याचा सर्वसाधारण नियम दोन अटींचा. एक, परदेशी भागांचा सहा आकडी कोड आणि तयार मालाचा सहा आकडी कोड वेगळा हवा. दोन, मालाच्या एफओबी किमतीत (जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीत) किमान ३५ टक्के वाटा आपला हवा. पहिली अट इथे पूर्ण झाली, कारण ९० चे ८० झाले. पण एखाद्या करारात, एखाद्या वस्तूसाठी, पहिले चार आकडे बदलायला हवेत असा नियम असेल तर? तिथे हाच व्हॉल्व्ह अडकतो, कारण ८४८१ चे ८४८१ च राहतात. माल तोच, कारखाना तोच, कामगारही तेच, आणि एका देशासाठी तो भारतीय तर दुसऱ्यासाठी नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण सवलतीचे नियम प्रत्येक करारात वेगळे बसून ठरवलेले असतात.

दुसरी अट हिशेबाची. व्हॉल्व्हची एफओबी किंमत १०० रुपये धरली आणि बाहेरचे भाग ५५ रुपयांचे असले तर आपला वाटा ४५, पास. खरेदी विभागाने स्वस्त पडतं म्हणून बॉडीही बाहेरून मागवली आणि बाहेरचा आकडा ७० वर गेला, तर आपला वाटा ३०, नापास. परचेसवाल्याला शाबासकी मिळते आणि एक्सपोर्टवाल्याच्या हातून सवलत जाते. दोघं एकाच मजल्यावर बसतात, पण कॉस्ट शीट एकमेकांना दाखवत नाहीत. माझ्या मते निम्म्या भानगडी इथल्या आहेत. आणि नुसतं पॅकिंग करून, लेबल लावून किंवा खोक्यातून खोक्यात भरून माल भारतीय होत नाही, हे जवळजवळ प्रत्येक करारात लिहिलेलं असतं.

आसियानचा फॉर्म समोर घेतला की रकाना क्रमांक ८ बघावा. तिथे माल कुठल्या नियमाने भारतीय ठरला ते लिहायचं असतं: पूर्णपणे इथलाच, की ‘३५ टक्के अधिक कोडबदल’. मागच्या खेपेचा फॉर्म उघडून तारीख-नंबर बदलण्याची आपली सवय या रकान्यात नडते, कारण मधल्या काळात सप्लायर बदललेला असतो. रकाना १३ मध्ये काही खुणेच्या चौकटी आहेत, त्यातली एक प्रदर्शनाची. परदेशातल्या प्रदर्शनात नेलेला माल तिथेच विकला गेला, तर त्यालाही अटी पाळून सवलत मिळू शकते. स्टॉल लावून येणाऱ्यांपैकी फार थोडे ही चौकट वापरतात.

रस्ताही बघावा लागतो. बडोद्याहून निघालेला कंटेनर मधल्या बंदरात दुसऱ्या जहाजावर चढला तर हरकत नसते, पण तिथे माल उघडून त्यात काही केलं गेलं तर सवलत जाते. म्हणून थ्रू बिल ऑफ लेडिंग, म्हणजे सबंध प्रवासाची एकच जहाज-पावती, जपून ठेवायचं. सर्टिफिकेट वेळेत काढायचं राहिलं तर बऱ्याच करारांत मागाहूनही काढता येतं, वर तसा शेरा असतो. साध्या सर्टिफिकेटच्या जागी मागाहून सवलतीचं पाठवून बायरने ड्युटी परत मिळवल्याचंही होतं. मात्र ते त्या देशाच्या कस्टमच्या नियमांवर आणि बायरच्या चिकाटीवर आहे, आपल्या हातात नाही.

सवलत म्हणजे दर वेळी शून्य, असंही नाही. दक्षिण अमेरिकेतल्या मर्कोसुर गटाशी, म्हणजे ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे आणि पॅराग्वेशी, आपला करार १ जून २००९ पासून आहे. त्यात बऱ्याच वस्तूंना १० किंवा २० टक्केच सवलत आहे, १०० टक्के मोजक्यांना. आणि ही टक्केवारी ड्युटीवरची. मूळ दर १४ असेल तर २० टक्के सवलतीने तो ११.२ होतो, उणे ६ नव्हे. एवढ्यासाठी कागदपत्रांची उठाठेव करायची का, हे ज्याने त्याने खेपेचा आकार बघून ठरवावं. छोट्या सॅम्पलला मी करणार नाही. ऑस्ट्रेलियाचा करार, २९ डिसेंबर २०२२ पासूनचा, याच्या उलट: तिथे आपल्या बहुतेक मालाला पहिल्याच दिवशी शून्य दर मिळाला, आणि तरीही साधं सर्टिफिकेट पाठवून ड्युटी भरू देणारे लोक आहेत.

हेच नाटक उलट्या दिशेनेही चालतं. आपण करारातल्या देशातून माल आणतो तेव्हा २१ सप्टेंबर २०२० पासून आपल्या कस्टमचे कॅरोटार नियम लागू आहेत. नुसतं सर्टिफिकेट दाखवून भागत नाही, माल तिथे कसा बनला याची माहिती आयातदाराने फॉर्म भरून स्वतःजवळ ठेवायची. ज्याने एकदा हा फॉर्म भरलाय, त्याला आपला बायर एवढे प्रश्न का विचारतो हे सांगावं लागत नाही.

बायरला भाव देण्याआधी त्याच्याकडून दोनच गोष्टी विचारून घ्याव्यात: त्याच्या देशात या कोडला सर्वांसाठीचा दर किती, आणि करारातला किती. फरक असेल तरच सवलतीच्या कागदामागे लागायचं. स्वित्झर्लंडसह चार देशांच्या एफ्टा गटाशी आपला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, तेव्हा स्विस बायर असलेल्यांना वाटलं आता व्हॉल्व्हची ड्युटी गेली. पण स्वित्झर्लंडने औद्योगिक मालावरचं आयात शुल्क १ जानेवारी २०२४ लाच सगळ्या जगासाठी काढून टाकलं होतं. त्या व्हॉल्व्हला सवलतीचं सर्टिफिकेट लावलं काय नि न लावलं काय, दर शून्यच. तिथे बायर मागेल तर साधा जन्मदाखला पुरे.