प्लग-इन (संगीतनिर्मिती)

प्लग-इन : संगीतनिर्मितीच्या मुख्य सॉफ्टवेअरला जोडून चालणारे साहाय्यक सॉफ्टवेअर. क्यूबेस, लॉजिक प्रो, प्रो टूल्स, एफएल स्टुडिओ, रीपर अशा मुख्य सॉफ्टवेअरला व्यवसायात ‘डॉ’ (डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन) म्हणतात. ट्रॅक (प्रत्येक आवाजाची स्वतंत्र पट्टी) मांडणे, ध्वनिमुद्रण आणि कापाकापी ही डॉची कामे. आवाजावर संस्कार करणे किंवा मुळात आवाज निर्माण करणे हे प्लग-इनचे काम. ईक्यू (आवाजाचा खर्ज-तारपणा कमीजास्त करणारा), कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातले अंतर कमी करणारा), रिव्हर्ब (खोलीचा घुमारा देणारा), डिले (प्रतिध्वनी देणारा) हे पहिल्या प्रकारात मोडतात, तर सिंथेसायझर (आवाज नव्याने घडवणारा) आणि सॅम्पलर (मुद्रित तुकडे वाजवणारा) दुसऱ्या. प्लग-इनची आजची स्थिती आणि पुढची वाट या नोंदीत ठाणे व नवी मुंबईतल्या मराठी संगीतव्यवसायाच्या अंगाने मांडली आहे, कारण इथले लहान स्टुडिओ जवळजवळ सर्वस्वी प्लग-इनवर उभे आहेत.

नौपाडा, कळवा, घोडबंदर रस्ता, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, नेरूळ या भागांत फ्लॅटच्या एका खोलीत थाटलेले स्टुडिओ आढळतात. एक संगणक, दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक, मॉनिटरची जोडी, भिंतीला फोम आणि माइकमागे गादी किंवा जाड पडदा एवढा संसार असतो. आगरी-कोळी गाणी, हळदीची गाणी, भक्तिगीते, मालिकांचे पार्श्वसंगीत, गडकरी रंगायतन किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात वाजणारे नाटकाचे ट्रॅक अशी कामे इथून होतात. पूर्वी रिव्हर्ब, कॉम्प्रेसर आणि टेप यंत्र यांसाठी वेगळी खोली आणि लाखोंची गुंतवणूक लागे. तोच सरंजाम आता पडद्यावरच्या खिडक्यांत मावतो.

कार्यपद्धती : डॉ आवाजाचे बारीक तुकडे करून ते प्लग-इनच्या हवाली करते आणि ठरल्या वेळेत परत मागते. तुकड्याच्या या आकाराला बफर म्हणतात. मुद्रण सेकंदाला ४८,००० नमुन्यांनी (म्हणजे आवाजाची तितकी मोजमापे घेत) चालू असेल आणि बफर २५६ नमुन्यांचा असेल, तर ट्रॅकवरच्या सगळ्या प्लग-इनना आपले काम सुमारे ५.३ मिलिसेकंदांत उरकावे लागते. नाही उरकले, तर आवाज तुटतो आणि कटकट ऐकू येते. बफर १,०२४ केला की संगणकाला उसंत मिळते, पण एका टप्प्याचा उशीर २१ मिलिसेकंदांवर जातो. मग ढोलकी वाजवणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचीच थाप मागाहून ऐकू येते आणि तो नकळत लय ओढू लागतो. म्हणून डबिंगच्या वेळी बफर ६४ किंवा १२८ वर ठेवतात आणि जड प्लग-इन बंद करतात. मिक्सिंगला बसल्यावर बफर वाढवतात. काही लिमिटर (आवाजाची कमाल पातळी रोखणारे) आणि लिनिअर फेज जातीचे ईक्यू पुढचा आवाज आधी पाहून मग काम करतात. ते कितीही चांगले असले, तरी गायक माइकसमोर असताना लावायचे नसतात.

इतिहास : वेव्ह्ज कंपनीचा क्यू१० हा १९९२ मधला ईक्यू बाजारात आलेल्या अगदी पहिल्या प्लग-इनपैकी होय. १९९६ मध्ये स्टाइनबर्गने क्यूबेससोबत प्लग-इन डॉला जोडण्याची व्हीएसटी ही पद्धत आणली आणि ती इतर कंपन्यांनाही वापरू दिली. प्लग-इनचा खुला बाजार इथून सुरू झाला. १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीने वाद्येही प्लग-इनच्या रूपात आणली. अॅपलने ऑडिओ युनिट्स आणि अॅव्हिडने एएएक्स अशा आपापल्या पद्धती काढल्या. त्यामुळे लॉजिकवाल्याला ऑडिओ युनिट लागते, प्रो टूल्सवाल्याला एएएक्स. एकच प्लग-इन तीन-तीन रूपांत बनवण्याचा खर्च निर्मात्यावर पडतो आणि किमतीत उतरतो. जड रिव्हर्ब किंवा जुन्या यंत्रांच्या नकला चालवायला काही काळ संगणकात वेगळे प्रक्रिया-कार्ड बसवावे लागे. प्रोसेसर वेगवान झाले, तशी ती गरज बरीच कमी झाली.

आज आवाजाच्या दर्जाचा प्रश्न जवळपास मिटला आहे, असे म्हणायला हरकत नाही. व्हायटल आणि सर्ज हे सिंथेसायझर फुकट मिळतात, एअरविंडोजचे शेकडो प्लग-इन मुक्त स्रोत आहेत, आणि डॉबरोबर येणारे ईक्यू व कॉम्प्रेसर गाणे पूर्ण करायला पुरतात. दर सणाला लागणाऱ्या सवलतींच्या मागे धावून शंभर कॉम्प्रेसर जमवणाऱ्या नवख्या संयोजकाने तेच पैसे खोलीच्या आवाजबंदीवर किंवा चांगल्या माइकवर घालावेत. गाण्यात तो फरक लगेच ऐकू येतो.

सूर : मराठी गाण्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक प्लग-इन म्हणजे सूर दुरुस्त करणारा. अँडी हिल्डेब्रँड हे मूळचे भूकंपलहरींच्या अभ्यासातून तेलशोधाचे काम करणारे अभियंते. त्या कामातले गणित गळ्याचा सूर ओळखायला वापरून त्यांनी १९९७ मध्ये ऑटो-ट्यून आणले. पुढे मेलोडाइनने गायलेला प्रत्येक स्वर पडद्यावर वेगळा करून हाताने हलवण्याची सोय दिली. व्यवसायात या कामाला नुसते ‘पिच करणे’ म्हणतात आणि आता ते गृहीतच धरले जाते.

अडचण अशी की दोन्ही साधने स्वरसप्तकाचे बारा समान भाग मूळ धरून चालतात. दरबारीतला अतिकोमल, आंदोलित गंधार त्यांना चुकलेला दिसतो. पंचमावरून मध्यमावर येणारी मींड म्हणजे त्यांच्या हिशेबी दोन स्वरांमधला गोंधळ. रिट्यूनचा (सूर जागेवर खेचण्याचा) वेग जास्त ठेवून अख्ख्या ट्रॅकवर ऑटो-ट्यून लावले की अभंगातली मींड पायऱ्यापायऱ्यांनी उतरते आणि तान टाइप केल्यासारखी वाटते. जाणकार रेकॉर्डिस्ट मेलोडाइनमध्ये स्वराचे केंद्र, त्याचा हलकावा आणि त्याचे हळूहळू सरकणे ही तीन नियंत्रणे वेगवेगळी वापरतो. न्यासाचा (ओळ जिथे थांबते तो) स्वर जागेवर बसवायचा आणि त्याआधीची वाट तशीच सोडायची. चार मिनिटांच्या भावगीताला असे पिच करायला अर्धा दिवस सहज जातो. निर्मात्याने बजेटमध्ये हा अर्धा दिवस धरला पाहिजे. आगरी लग्नात धवलारीण (लग्नविधीची पारंपरिक गाणी गाणारी स्त्री) जे धवले गाते, त्यांना तर ठोक्याची जाळी आणि सुराची जाळी (ठोके व सूर ठरल्या रेघांवर बसवणारी सोय) दोन्ही लावू नयेत. तिथली लय शब्दांच्या श्वासावर चालते.

गोंगाट काढणारे प्लग-इन इथल्या फ्लॅटमधल्या कामाला मोठाच आधार आहेत. पावसाळ्यात खिडकीवरच्या पत्र्याचा ताशा, शेजारच्या इमारतीतले ड्रिलिंग, घोडबंदरला वर्षानुवर्षे चाललेले मेट्रोचे काम, गणपतीच्या आधी मैदानात जमणारी ढोलपथके यांतून डबिंग साधावे लागते. आयझोटोप कंपनीचे आरएक्स हे असे साधन २००७ पासून आहे. अलीकडच्या आवृत्त्या न्यूरल जाळ्यांच्या (उदाहरणे देऊन शिकवलेल्या संगणकी रचनांच्या) जोरावर माणसाचा आवाज बाजूला काढतात. फक्त हात जरा जड पडला की ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात आणि तानपुऱ्याची जवारी (तारेची भरदार झंकार) पोकळ होऊन जाते, कारण जवारीतली वरची भरणी या साधनांना सहज गोंगाटच वाटते. तानपुरा नेहमी वेगळ्या ट्रॅकवर घ्यावा, तो यासाठी.

वाद्ये : खरी उणीव इथे आहे. युरोपीय ऑर्केस्ट्रासाठी एकेका व्हायोलिनचे हजारो स्वर मुद्रित केलेले संग्रह विकत मिळतात. भारतीय वाद्यांसाठी स्वित्झर्लंडमधल्या स्वर सिस्टिम्सने स्वरप्लग काढले. तबला, सितार, बासरी यांचे संग्रह आणखीही काही जणांनी केले. पण हलगी, संबळ, दिमडी, तुणतुणे, चौंडके यांच्याकडे आले की हाती लागतात ते बहुधा तयार लूप (पुन्हापुन्हा वाजवायचे मुद्रित तुकडे). लूपची लय आणि सूर ठरलेले असतात. त्यामुळे वेगवेगळ्या गाण्यांत तोच संबळ आणि तीच जागा ऐकू येते. बेंजोची (पट्ट्या दाबून वाजवायच्या बुलबुलतरंगासारख्या तंतुवाद्याची) गत याहून वाईट. हळदीच्या मांडवात आणि मिरवणुकीत बेंजो पार्टीच्या पट्ट्यांवरून निघणारा तो तारांचा कणखर आवाज कीबोर्डवर कुठल्या तरी परदेशी तंतुवाद्याच्या पॅचवर (तयार आवाजावर) भागवला जातो. आगरी-कोळी गाणे ऐकत वाढलेल्या माणसाचा कान पहिल्या ओळीतच ही तडजोड ओळखतो. म्हणून घणसोलीपासून दिवाळे गावापर्यंत चांगले संयोजक आजही बेंजो आणि ढोलकी प्रत्यक्ष वाजवून घेतात. ते अगदी योग्य करतात.

मालकी : पैसे देऊन घेतलेला प्लग-इन आपला किती, हा आजचा सर्वांत मोठा प्रश्न आहे. २०१९ मध्ये अॅपलच्या मॅकओएसने जुन्या ३२-बिट घडणीचे सॉफ्टवेअर चालवणे थांबवले आणि अनेक जुने प्लग-इन एका अपडेटसरशी मुके झाले. स्टाइनबर्गने २०१८ मध्ये व्हीएसटी २ साठी नवे परवाने देणे बंद केले. २०२० च्या शेवटी अॅपलने आपल्या प्रोसेसरकडे मोर्चा वळवला, तेव्हा पुन्हा सगळ्यांना नव्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. मार्च २०२३ मध्ये वेव्ह्जने कायमचे परवाने विकणे थांबवून फक्त वर्गणी ठेवली. जगभरातून विरोध झाल्यावर काही दिवसांतच कंपनीने निर्णय फिरवला. पण त्या दिवसांत लहान स्टुडिओवाल्यांना कळून चुकले की आपले दुकान दुसऱ्याच्या किल्लीवर चालते.

भारतात वर्गणीचा त्रास आणखी वेगळा. किमती डॉलरमध्ये असतात, वर १८ टक्के जीएसटी लागतो. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीचे नियम कडक केल्यावर परदेशी वर्गण्यांची वसुली अडू लागली. वर्गणी चुकली की प्लग-इन उघडत नाही, आणि ऐन डिलिव्हरीच्या दिवशी ट्रॅक मुका होतो. क्रॅक केलेली प्रत हा यावरचा उपाय धरून अनेकांनी संगणकात व्हायरस ओढवून घेतले आहेत. शिवाय टीव्ही चॅनलने परवान्याचे कागद मागितले, तर दाखवायला काही नसते.

साधा आणि खात्रीचा उपाय एकच : गाणे संपले की प्रत्येक ट्रॅक प्लग-इनसकट आणि प्लग-इनविना अशा दोन प्रती वेव्ह फाइलमध्ये बाउन्स करून (आवाज पक्का उतरवून) ठेवायच्या, सोबत टेम्पो आणि मिडी (कुठला स्वर केव्हा वाजला याची संगणकी नोंद). पाच वर्षांनी मालिकेच्या निर्मात्याने शीर्षकगीताचे स्टेम्स (गळा, ताल, वाद्ये यांचे वेगवेगळे ट्रॅक) मागितले, तर हेच कामी येते. डॉची सेशन फाइल तोवर उघडेलच असे नाही.

खुलेपणाकडे मात्र वारे वाहू लागले आहे. बिटविग आणि यू-ही या कंपन्यांनी जून २०२२ मध्ये क्लॅप ही मुक्त परवान्याची नवी पद्धत जाहीर केली. बिटविग, रीपर, एफएल स्टुडिओ यांत ती चालते. २०२५ मध्ये स्टाइनबर्गनेही व्हीएसटी ३ एमआयटी या मुक्त परवान्याखाली खुले केले. मींड वाजवणाऱ्यांसाठी एमपीई (मिडीचा सुधारित प्रकार) आणि क्लॅप यांत एकेका स्वराला स्वतंत्र वळण देता येते. जुन्या मिडीत एका चॅनलवरचे सगळे स्वर एकत्रच वाकत. सतार किंवा सारंगीचा आवाज कीबोर्डवरून घेणाऱ्याला हा बदल कुठल्याही नव्या रिव्हर्बपेक्षा मोलाचा आहे.

कृत्रिम बुद्धिमत्ता : डीझर या संगीतसेवेने २०१९ मध्ये स्प्लीटर हे साधन मुक्त केल्यापासून तयार गाण्यातून गळा, ताल आणि बास वेगळे करणे घरबसल्या जमते. ज्या जुन्या गाण्यांच्या मूळ टेप हरवल्या, त्यांच्या डागडुजीला हे वरदान ठरले. गिटारच्या अॅम्प्लिफायरची हुबेहूब नक्कल न्यूरल जाळ्यांनी फुकट उपलब्ध करून दिली. आवाजाच्या नकलेची गोष्ट निराळी आहे. अरिजित सिंग यांचा आवाज त्यांच्या संमतीविना कृत्रिमरीत्या बनवणाऱ्या साधनांना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये मनाई केली. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तसेच संरक्षण दिले. गाइड ट्रॅकसाठी (गायकाला चाल दाखवण्यापुरत्या कच्च्या मुद्रणासाठी) म्हणून एखाद्या गायिकेचा नकली आवाज लावून पाहणाऱ्या संयोजकाने हे दोन आदेश ध्यानात ठेवावेत. गायकाला त्याच्या आवाजाचा मोबदला मिळालाच पाहिजे, आणि यात सवलत मागण्याजोगे काही नाही.

पुढची दिशा : इथल्या स्टुडिओंनी आपल्या वाद्यांचे संग्रह स्वतः करायला घ्यावेत. साधने हाताशी आहेत. कॉन्टॅक्ट हा सॅम्पलर महाग वाटला, तर डिसेंट सॅम्पलर फुकट आहे आणि एसएफझेड ही खुली पद्धत साध्या मजकूर-फाइलवर चालते. हलगीचे पाच बोल धरले, प्रत्येक बोल चार वेगवेगळ्या जोराने आणि प्रत्येक जोर चारदा वाजवून घेतला, तर ८० तुकडे होतात. चारदा घ्यायचे कारण असे की एकच तुकडा लागोपाठ वाजला की यंत्राची थाप लगेच उघडी पडते. सॅम्पलर आलटून पालटून तुकडे लावतो, तेव्हा हात जिवंत वाटतो. हलगी आधी शेकून कातडे ताणून घ्यावे लागते आणि ते थंड होताच आवाज उतरतो, म्हणून दर काही मिनिटांनी थांबून पुन्हा शेकणे आले. एक माइक जवळ आणि एक खोलीच्या टोकाला असे दोन्ही ट्रॅक वेगळे ठेवावेत. संबळाच्या दोन्ही भांड्यांची नोंद स्वतंत्र करावी. बेंजोची प्रत्येक पट्टी दाबून, सोडून आणि तार घासून, अशा तिन्ही तऱ्हा घ्याव्यात.

हा संग्रह विकायचा असेल, तर वादकाशी लेखी करार हवा. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलाकाराच्या सादरीकरणाचे हक्क अधिक स्पष्ट केले. वादकाचे नाव संग्रहावर असावे, एकरकमी मानधनाबरोबर विक्रीतला वाटाही ठरवावा, आणि त्याच्या थापा कुठल्याही न्यूरल जाळ्याला शिकवायला वापरायच्या की नाही, हे त्याला मराठीत समजावून सांगून मगच कागदावर त्याची सही घ्यावी.